मिडी क्लॉक की मिडी टाइम कोड?

रोलँड व्हीएस-८८० सारख्या डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डरला ड्रम मशीन किंवा सिक्वेन्सर (सुरांचा क्रम साठवून वाजवणारं यंत्र) जोडायचाय, पण दोघं एका वेळेत चालावीत म्हणून मिडीवरून, म्हणजे वाद्यांच्या आपसातल्या संदेशांच्या भाषेतून, क्लॉक पाठवावा की टाइम कोड हे ठरत नाही, असं एका मित्राने विचारलं. केबल दोन्हींना तीच, त्यामुळे खर्चात फरक नाही.

खरा फरक टेम्पोचा. क्लॉक दर क्वार्टर नोटला (साधारण एका ठोक्याला) २४ पल्स पाठवतो. टेम्पो बदलला की ड्रम मशीनही आपोआप तसाच बदलतं, मात्र टेम्पो मॅप (गाण्यात कुठे किती टेम्पो याची नोंद) रेकॉर्डरमध्ये भरावा लागतो. टाइम कोडला लय कळतच नाही. तो तास, मिनिट, सेकंद, फ्रेम (सेकंदाचा छोटा भाग, व्हिडिओतल्या एका चित्राएवढा) एवढंच सांगतो. टेम्पो मॅप मग सिक्वेन्सरमध्ये हवा आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, दोन्हीकडे सारखा.

गाणं मधूनच सुरू करायचं तर क्लॉकला साँग पोझिशन पॉइंटर, म्हणजे गाण्यात कुठे आहोत हे सांगणारा संदेश, लागतो. तो न समजणारं जुनं मशीन प्रत्येक वेळी पहिल्या बारपासून वाजवावं लागतं, आणि ओव्हरडबच्या (आधीच्या रेकॉर्डिंगवर नवा आवाज भरण्याच्या) वेळी हे फार जाचतं. टाइम कोडमध्ये मात्र कुठे आहोत याचा पूर्ण पत्ता दोन फ्रेममध्ये पोचतो.

काहीही निवडा, रेकॉर्डरलाच मास्टर, म्हणजे वेळ ठरवणारं यंत्र, ठेवा. रेकॉर्ड झालेला आवाज बाहेरच्या टेम्पोमागे ताणला जात नाही.

ठेका आणि आर्पेजिओसाठी (कॉर्डचे सूर एकामागोमाग वाजवण्यासाठी) क्लॉक घ्या. व्हिडिओला संगीत देताना किंवा कॉम्प्युटरवरच्या सिक्वेन्सरसोबत टाइम कोडच.