मागच्या पायांचा आधार-पट्टा: भुलीनंतर आठ महिने वापरून

कुत्रा लॅब्राडॉर, वय १० वर्षं, वजन ३१ किलो. एकाच भुलीत दोन दाढा काढल्या आणि खुब्यांचे एक्स-रेही झाले. त्यानंतर मागचे पाय लटपटू लागले म्हणून हा पट्टा घेतला. आठ महिने वापरात आहे, किंमत पावणेदोन हजार. नाव देत नाही, कारण याच घडणीचे पट्टे वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि घडण तीच म्हटल्यावर गुणदोषही तेच.

मांडीत अडकणारे दोन गोल, कमरेवरून जाणारा रुंद पट्टा आणि वर लांबी कमी-जास्त करता येणारी मूठ, एवढाच हा प्रकार. दुसरा प्रकार पोटाखालून घालायच्या झोळीचा. भुलीनंतरचे पहिले दोन दिवस झोळीच बरी. लटपटणाऱ्या कुत्र्याचा एकेक पाय उचलून गोलात घालायला गेलं की तो हमखास पडतो. झोळी विकत आणायची गरज नाही. मोठा टर्किश टॉवेल लांबीत दुमडून मांड्यांच्या अगदी पुढे, पोटाखालून घेतला की भागतं. मात्र नसबंदी किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन असेल तर टॉवेल थेट टाक्यांवर दाबतो, आणि नर कुत्र्याची शू त्यातच जाते. मणक्यातली गादी सरकलेल्या कुत्र्याला नुसतं मागून उचललं तर पाठीला बाक येतो. त्याला छातीखाली दुसरा पट्टा हवाच, आणि दोन्ही एका पातळीत धरायला हवेत.

पट्ट्याचं कौतुक करण्याआधी तो कुठे पुरत नाही ते सांगायला हवं. पाय लटपटतायत म्हणून पट्टा बांधून आठवडाभर वाट पाहिली, असं व्हायला नको.

भुलीच्या औषधांचा अंमल चारही पायांवर पडतो आणि तासागणिक उतरत जातो. डुलत चालणं, उभं राहून पुन्हा बसणं, कण्हणं, पेंगणं हे त्या रात्रीपर्यंत चालतं. कुत्रा म्हातारा, लठ्ठ किंवा यकृताने कमजोर असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतं. कमरेत सुई देऊन मागचा भाग बधिर केला असेल तर मात्र फक्त मागचे पाय लुळे राहतात, तेही काही तास, आणि शू तुंबू शकते. म्हणून दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्यायचं: कमरेत सुई दिली का, किती वाजता, आणि पुढची शू कधीपर्यंत व्हायला हवी. घरी आल्यावर दर दोन तासांनी कागदावर टिपायचं: आधाराने किती पावलं टाकली, पंजा उलटा पडतो का, शू झाली का. पावलं वाढत असतील तर धीर धरावा. २४ तासांत काहीच फरक नसेल, किंवा आधी चालत होता आणि आता बसला असेल, तर डॉक्टरांना फोन करायचाच.

एकच पाय जास्त ओढत असेल तर ते भुलीमुळे आहे असं समजू नये. टेबलावर एका कुशीवर बराच वेळ पडून नस दबलेली असू शकते. मांडीत दिलेली सुई नसेजवळ लागलेली असू शकते. जड कुत्र्यात खालच्या बाजूचे स्नायूच दबून सुजतात. सर्वांत जास्त वेळा मात्र आधीपासून दुखणारा सांधा त्या दिवशी उघडा पडतो. खुब्याच्या एक्स-रेसाठी भुलीत पाय सरळ ताणून धरावे लागतात, आणि संधिवाताच्या खुब्याला तो ताण पुढे चार-पाच दिवस जाणवतो. पुण्यात गोचीडतापही विसरून चालत नाही. त्यानेही सांधे धरतात आणि प्लेटलेट्स उतरतात, म्हणून भुलीआधीच्या रक्ततपासणीत तो आकडा नीट पाहून घ्यावा.

घरी करण्याजोगी एक तपासणी आहे. कुत्र्याला पोटाखाली हात देऊन उभा धरायचा आणि मागचा एक पंजा हलकेच उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवायची. धड कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. भूल पूर्ण उतरल्यावरही पंजा तसाच पडून राहिला तर दुखणं नसेचं किंवा मणक्याचं आहे, आणि त्यावर पट्टा हा उपाय नव्हे. मागचे पंजे अचानक गार पडून कुत्रा कळवळणं, कोकाकोलाच्या रंगाची शू, पांढऱ्या हिरड्या, १२ तास शू न होणं, अंगाचं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली किंवा १०३च्या वर जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे ९९ म्हणजे त्याला चांगलीच हुडहुडी. डिसेंबर-जानेवारीत उघड्या फरशीवर झोपवलं की हे होतं. सतरंजी आणि वर चादर पुरते. गरम पाण्याची पिशवी अंगाला लावू नये, बधिर कातडी भाजली तरी तो हलणार नाही. माणसांचं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर अजिबातच नाही.

आता पट्टा. दुकानदार 'उचलायचा पट्टा' म्हणून विकतात आणि वापरणारेही उचलतात, तिथेच चुकतं. उचललं की पाय लोंबकळतात, आणि लोंबकळणारा पाय वजन घ्यायला शिकत नाही. पट्टा तोल धरण्यासाठी आहे. हे हाताला नुसतं कळत नाही, म्हणून मूठ आणि हात यांच्यामध्ये प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा लावला. कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, ४० टक्के मागच्या. म्हणजे ३१ किलोत मागचा वाटा सुमारे १२ किलो. शांत उभा असताना काट्यावर १२च्या आसपास दिसलं तर मागचे पाय काहीच करत नाहीत. या कुत्र्याचा आकडा तिसऱ्या दिवशी ६ ते ७, दोन आठवड्यांनी ३, सहा आठवड्यांनी १च्या आत. चालताना आकडा नाचतो, त्याला अर्थ नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी, उभं करूनच पाहायचं. सोबत शिंप्याच्या टेपने मांडीचा घेर आठवड्यातून एकदा. मधल्या भागात थोडे केस कापून खूण केली की माप दर वेळी तिथेच बसतं.

आकडा कमी होतो तो व्यायामाने. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सुरुवात अशी: उभं करून कमरेला दोन्ही बाजूंनी हळूहळू झुलवणं, दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीनदा. मग बसून उठणं, एका वेळी पाच. मग सपाट जागी पाच मिनिटांची सावकाश फेरी दिवसातून तीनदा, आणि दर आठवड्याला त्यात थोडी वाढ. सावकाश यासाठी, की जोरात चालला की तो मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो आणि दुबळा पाय काम चुकवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना जास्त आखडला तर आदल्या दिवशीचं जास्त झालं, निम्म्यावर यायचं.

माप वजनाच्या तक्त्यावरून घेऊ नये. ३१ किलोचा लॅब्राडॉर आणि ३१ किलोचा शेफर्ड यांच्या मांड्या वेगळ्या. कमरेचा घेर मागच्या पायांच्या पुढे, मांडीचा घेर जांघेजवळ, दोन्ही उभं करून. बांधल्यावर दोन बोटं सहज जायला हवीत. मूठ इतकी लांब हवी की धरणाऱ्याला वाकावं लागणार नाही. वाकलेला माणूस दमला की पट्ट्याला हिसका बसतो. घरात दोन उंचीची माणसं असतील तर मार्करने दोन खुणा करून ठेवाव्यात. आणि कुत्रा आडवा झाला की पट्टा काढायचा. 'राहू दे, तासाभराने पुन्हा शूला न्यायचंय' असं चार दिवस केलं की जांघेत लाल चट्टा उठतो.

पट्ट्याइतकाच फरक फरशीने पडला. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर धड कुत्र्याचेही पाय फाकतात. शहाबादी त्या मानाने बरी, पण ओली झाली की तीही घसरते. पंजाच्या गाद्यांमधले केस आणि नखं कापणं हा पहिला आणि फुकटातला उपाय. मग वळणाच्या जागी, म्हणजे पाण्याच्या भांड्यापाशी, दारात आणि झोपायच्या जागेशेजारी, खाली रबर असलेली पायपुसणी सलग टाकायची. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या रंगीत चौकटी घेऊ नयेत. पाय रुततो आणि लाळ सांडली की त्या बर्फासारख्या निसरड्या होतात. योगा मॅट चालते, पण कोपरे वळतात, ते दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने दाबावे लागतात. कुत्र्याला घालायचे मोजे पायात फिरतात, त्यांचा तळवा वर येतो.

टिकण्याबद्दल. वेल्क्रोत लॅबचे केस भरून तिसऱ्या महिन्यात पकड गेली. जुन्या टूथब्रशने दर रविवारी साफ केल्यावर निम्मी परत आली. बकल शाबूत आहेत. मुठीच्या मुळाशी शिवण उसवली, ती बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने फुलीची टीप मारून घेतली, ती घट्ट आहे. नवा घेतानाच ती टीप मारून घ्यावी. सर्वांत मोठा दोष आतल्या फोमचा. जुलै-ऑगस्टच्या झडीत तो दोन दिवस वाळत नाही, कुबट होतो आणि कातडीला खाज सुटते. त्यावर पुण्याच्या बोहरी आळीतल्या बाजारात मिळणाऱ्या नायलॉनच्या पट्टीचा साधा, बिनफोमचा दुसरा जोड शिवून घेतला आणि आत जुन्या सुती साडीची घडी ठेवली. घडी रोज बदलता येते. पावसाळाभर तोच वापरला.

जिन्यावर मात्र हा पट्टा एकटा अपुरा आहे. चढताना मागच्या पायांना जोर लागतो तो पट्ट्याने देता येतो. उतरताना मागचं धड पुढे ढकललं जातं आणि कुत्रा नाकावर जातो, तेव्हा छातीचा हार्नेस दुसऱ्या हातात हवाच. पेठेतल्या जुन्या वाड्यांचे अरुंद, उभे जिने तर पहिले दोन आठवडे चालवायचेच नाहीत. जाड चादरीच्या झोळीत, दोघांनी, डोकं वरच्या बाजूला ठेवून न्यायचं.