पाऊस, फ्लॅट आणि साडेतीन-चार वर्षांचं पोर: घरात नक्की काय खेळवायचं?

नाशिकमध्ये जुलै-ऑगस्टला पावसाने एकदा ठाण मांडलं की मोठी माणसं गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं ते बघायला जातात आणि बालवाडीतलं पोर घरात अडकतं. एप्रिल-मेच्या दुपारी तेच, उन्हात सोडायची सोय नाही. मग घरात काय खेळवायचं आणि त्यासाठी काही विकत आणायचं का, हा प्रश्न येतोच. मी इथे चार प्रकार शेजारी-शेजारी ठेवतेय: अंग हलवायचे खेळ, भातुकली-दुकान-डॉक्टर असले खोटंखोटं खेळ, ब्लॉक्स-पझल, आणि फासे-पत्त्यांचे खेळ. कशाने पोर हुशार होतं हे मी बघतच नाही कारण ते प्रत्येक खोक्यावर छापलेलंच असतं. मी बघते ते एवढंच की आपलं लक्ष किती लागतं, पोर एकटं किती रमतं, आणि शेवटी आवरणार कोण.

आधी पळापळीचे घेऊ, कारण हे टाळता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की 3-4 वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली 60 मिनिटं तरी चांगली दम लागेल अशी, आणि बसून स्क्रीन बघणं जास्तीत जास्त 1 तास. पावसाळ्यात वन बीएचकेमध्ये हे 60 मिनिटं कुठून आणायचे बोला! खर्च मात्र शून्य. 'शिवाजी म्हणतो' सगळ्यात भारी, जागा लागत नाही, सामान लागत नाही, फक्त तीन वर्षांचं पोर शिवाजीने म्हटलं काय न म्हटलं काय, सगळंच करतं. थांबणं साधारण चार-साडेचारच्या आसपास जमायला लागतं, त्यामुळे लहानाला आऊट करायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर खेळ पाच मिनिटांत आणि रडणं अर्धा तास. संगीत खुर्चीचंही तसंच, पोरं बाद करण्याऐवजी फक्त उशा कमी करत जा, शेवटी सगळे एकाच उशीवर कोंबून बसतात आणि त्यांना तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो. खालच्या मजल्यावर कुणी आजी-आजोबा झोपत असतील तर बेडूकउड्यांऐवजी अस्वलासारखं चार पायांवर चाला, दमतातही जास्त आणि आवाजही नाही.

लपाछपीत तीन वर्षांचं पोर दर वेळी त्याच पडद्यामागे लपतं, आणि आपण तेवढाच वेळ घरभर शोधत फिरायचं असतं. पण त्याआधी बाथरूमची आतली कडी, गॅलरीचं दार आणि वॉशिंग मशीनचं झाकण एकदा बघून घ्या. आंधळी कोशिंबीर मी तरी फ्लॅटमध्ये खेळणार नाही, टीपॉयचे कोपरे नेमके त्यांच्या कपाळाच्या उंचीला असतात. फुगा हवेत ठेवायचा खेळ मस्त, मात्र फुटला की तुकडे लगेच उचला, तोंडात गेले तर घशात अडकतात. या सगळ्या प्रकाराची अडचण एकच, तुमचं शंभर टक्के लक्ष लागतं, फोन हातात घेऊन हे होत नाही. वीस मिनिटांनी आपणच सोफ्यावर.

भातुकलीचं उलटं आहे. सुरुवातीला पाच मिनिटं तुम्ही गिऱ्हाईक व्हा नाहीतर पेशंट व्हा, नंतर भाजी चिरायला बसलात तरी चालतं, मधे मधे "ताई, चहा आणा" एवढं म्हटलं की गाडी पुढे जाते. घरात आजी-आजोबा असतील आणि गुडघे दुखत असतील तर हाच खेळ त्यांच्यासाठी बरोबर, कॉटवर बसून इंजेक्शन टोचून घ्यायचं फक्त. सेट विकत घ्यायचा तर मेन रोडला प्लास्टिकचे मिळतील, हौस असेल तर भांडी बाजारात पितळेचे बघा, पण खरं सांगायचं तर पोरांना आपलीच वाटी, आपलंच लाटणं आणि जुना कुकर हवा असतो, खोटं भांडं त्यांना लगेच ओळखू येतं. म्हणून इथे पैसे घालायची गरज मला वाटत नाही. मुलगा असला तरी हेच द्या, "मुलींचा खेळ" म्हणणाऱ्या काकूंना त्याच्याच हातचा खोटा चहा पाजा.

फक्त खोट्या स्वयंपाकाला खरी कडधान्यं देताना जपून. हरभरा, राजमा, शेंगदाणे नाकात घालणं हा या वयाचा आवडता उद्योग आहे आणि हरभरा आत ओल लागून फुगतो, मग काढायला डॉक्टरच लागतो. त्यापेक्षा कणकेचा गोळा द्या, थोडं मीठ जास्त आणि थोडं तेल घालून मळला की डब्यात घालून फ्रीजमध्ये काही दिवस टिकतो. रंगीत क्ले दिसायला छान पण सगळे रंग एकत्र होऊन लवकरच मातकट होतात. शाडू माती गणपतीच्या दिवसांत सहज मिळते आणि हाताला फार गोड लागते, पण पावसाळी हवेत केलेली चिमणी लवकर वाळत नाही आणि घरभर पांढरे ठसे उठतात, ते तुम्हाला चालणार असतील तरच.

आता ब्लॉक्स. एकच गोष्ट विकत आणायची असेल तर मी ही आणेन. कारण पोर एकटं रमतं, आणि तीन वर्षांला नुसते मनोरे करून पाडणारं पोर सात वर्षांला त्याच ब्लॉक्सचा पूल बांधतं, म्हणजे वस्तू वाया जात नाही. साधे लाकडी ठोकळे घ्या किंवा मोठे जोडायचे. लेगो घ्यायचंच असेल तर या वयाला डुप्लो, ते नेहमीच्या लेगोपेक्षा लांबी-रुंदी-उंचीला दुप्पट असतात आणि पुढे छोट्या लेगोला जोडताही येतात, किंमत मात्र चांगलीच बसते. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो खोक्यावर बघा, रस्त्यावरच्या ढिगात बऱ्याचदा नसतो. मॅग्नेटच्या टाइल्स सध्या सगळ्यांना हव्या असतात, पण स्वस्तातली टाइल तडकून आतला मॅग्नेट बाहेर आला आणि पोराने दोन गिळले तर ते पोटात आतड्याच्या भिंतीसकट एकमेकांना चिकटतात, थेट ऑपरेशनपर्यंत जातं प्रकरण. चांगल्या घेता येत नसतील तर घेऊच नका. पझल वाईट नाही, पण एकदा पाठ झालं की संपलं, त्यामुळे बिल्डिंगमध्ये अदलाबदल करणारं कुणी असेल तर घ्या.

फासे-पत्त्यांचं मी चार वर्षांच्या आत सुचवणार नाही. सापशिडीत डोकं काहीच लागत नाही, नातू आणि आजोबा एकदम बरोबरीचे, हे चांगलंच, पण शंभर घरं फार लांब पडतात आणि नव्वदीत साप चावला की जे होतं ते शेजारी ऐकतात. पन्नासलाच जिंकल्याचं जाहीर करा. लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही, ते वाट बघणं या वयाला झेपत नाही, म्हणून सगळ्या सोंगट्या आधीच बाहेर ठेवा. त्यापेक्षा पत्त्यांच्या सहा जोड्या उलट्या मांडून जोडी शोधायचा खेळ पाच वर्षांला झकास जमतो, आणि यात तुम्हाला मुद्दाम हरावं लागत नाही, बऱ्याचदा खरेच हरता.

मॉलमधले प्ले एरिया मी यात धरले नाहीत. तासाचे पैसे, वर पावसातलं ट्रॅफिक, आणि घरी आल्यावर परत "आता काय खेळू" आहेच.

तर तुम्ही दोघं नोकरीवाले असाल, संध्याकाळी सातला घरी येऊन स्वयंपाकही करायचा असेल, तर आल्या आल्या पंधरा मिनिटं शिवाजी म्हणतो आणि मग ब्लॉक्स, हाच क्रम ठेवा, उलटा केला तर दम न निघालेलं पोर ठोकळे फेकतं. दिवसभर आजीकडे असेल तर भातुकली आणि कणीक पुरे, काही आणू नका. भावंडांत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल तर फाशांचे खेळ आत्ता नकोच, मोठ्याला नियम हवे असतात आणि धाकट्याला फासा तोंडात घालायचा असतो. आणि ब्लॉक्स आणलेत तर सगळे एकदम काढू नका, अर्धे माळ्यावर टाका आणि पोर कंटाळलं की ते खाली काढून हे वर, श्रावणापर्यंत नवीन खोकं आणायची वेळ येत नाही.