बिल ग्राइंडिंगचं, क्रँक मात्र होता तसाच

आजोबांचा मॅसी फर्ग्युसन 35 गेलं दीड वर्ष मी घरीच दुरुस्त करतोय. वायरिंग, ब्रेक, हायड्रॉलिक, रंग सगळं स्वतः केलं. तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिनही स्वतःच खोललं. पण क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा. तो घासून गोल करायचं, ग्राइंडिंगचं मशीन घरी कुठून असणार? तेवढं एक काम बाहेर दिलं आणि तिथेच फसलो. जुना ट्रॅक्टर खोलून बसलेल्या कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून लिहितोय.

वर्कशॉपवाल्याने क्रँकवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "10 थाऊ घासावा लागेल, शेल नवीन घालू." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 10 थाऊ म्हणजे 0.254 मिलिमीटर. शेल म्हणजे क्रँकभोवती बसणारे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे; क्रँक जितका घासला, तितके जाड शेल लागतात. मग स्वतःहून म्हणाला, "क्रँक इथेच बसवून देतो, बोल्टना टॉर्कही मारून देतो. तुम्हाला घरी कशाला त्रास?" मला तो आपलेपणा वाटला. नव्या शेलची खोकी त्याने दाखवली. मी खोकी पाहिली. शेल बसताना पाहिले नाहीत. जुने शेल मागितले तर "भंगारात गेले" म्हणाला, तरी मला शंका आली नाही.

इंजिन चालू केलं त्या दिवशी ऑइल प्रेशरचा काटा चांगला वर होता. घरात सगळ्यांना आनंद झाला. पण अर्धा तास नांगर ओढून इंजिन तापलं, रेस सोडून स्लोवर आणलं आणि काटा जवळजवळ शून्यावर. गेज खराब असेल म्हणून दुसरं लावून पाहिलं. तेच. चार दिवसांत खालून ठोका ऐकू यायला लागला.

ऑइल चेंबर उतरवून बिगेंडची (पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे पकडतो, त्या बेअरिंगची) एक टोपी काढली. शेलच्या पाठीवर 'एसटीडी' कोरलेलं. म्हणजे स्टँडर्ड मापाचा. क्रँक खरंच 10 थाऊ घासला असता तर पाठीवर 10 चा शिक्का हवा होता. वरचा करडा थर झिजून आतलं तांबं दिसत होतं. जुनेच शेल धुऊन परत घातले होते! मायक्रोमीटरने जर्नल, म्हणजे शेलमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग, दोन दिशांनी मोजला तर मापांत 3 थाऊंचा फरक निघाला. क्रँक मशीनवर चढलाच नव्हता, पॉलिश पेपर मारून चकचकीत केला होता.

सगळ्यात संताप आला तो रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर जास्त झालं की तेल सोडून देणारा) उघडल्यावर. स्प्रिंगमागे दोन वॉशर घातले होते. त्याने थंड इंजिनाचं प्रेशर वाढलेलं दिसतं, कारण हा व्हॉल्व्ह वरची मर्यादा ठरवतो. झिजलेल्या बेअरिंगमधून गरम, पातळ झालेलं तेल निसटतं, ते वॉशर थोडंच थांबवणार? म्हणून प्रेशर बघायचं ते इंजिन पूर्ण तापल्यावर, स्लोवर. काम ताब्यात घेतानाच बघायचं.

जाब विचारला तर म्हणाला, "तुम्हीच तेल कमी घातलं असेल." बिलावर नुसतं 'इंजिन काम' लिहिलेलं. कितव्या साइजला घासला, शेल कोणते, काहीच नाही. माझ्याकडेही क्रँक देण्यापूर्वीची मापं नव्हती. भांडायला आधारच उरला नाही.

या ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा भाग बोल्टने जोडलेले असतात, तोच त्याचा कणा. त्यामुळे क्रँक काढायला ट्रॅक्टर पुन्हा मधोमध वेगळा करावा लागला. या वेळी आधी चारही मेन (क्रँक इंजिनात जिथे टेकतो ते जर्नल) आणि तिन्ही बिगेंड मोजून वहीत लिहिले, क्रँकवर बारीक पंचची खूण केली आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता क्रँक दिला. घासून आल्यावर पुन्हा मोजला, शेलचे शिक्के वाचले, प्लॅस्टिगेज (बेअरिंगमध्ये दाबून फट मोजायचा मऊ धागा) लावून फट तपासली आणि मगच घरी स्वतः बसवला.

ठोका लागलेल्या अवस्थेत इंजिन चाललं होतं, त्यामुळे एक जर्नल ओरखडला होता. 10 वर भागलं नाही, थेट 20 पर्यंत घासावा लागला. आता 30 चा एकच टप्पा शिल्लक आहे.