काथ्याची जाळी: खाणीच्या डंपवर कितपत उपयोगी?

गोव्यातल्या लोहखाणींच्या डंपची, म्हणजे खोदकामातून निघालेल्या टाकाऊ मातीच्या ढिगांची, धूप रोखायला ७०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचीच काथ्याची जाळी घ्यावी. ४०० ग्रॅमची स्वस्त पडते, पण कोकणपट्टीच्या पावसात खड्या उतारावर तोकडी. आधी ओघळी बुजवून शेणखत आणि बी टाकायचे. मग माथ्यावर ३० सेंमी खोल चरात कड गाडून पट्टे वरून खाली सोडायचे, १५ सेंमी एकमेकांवर चढवायचे आणि मीटरभर अंतराने यू-खिळे ठोकायचे. जाळी ताणू मात्र नये! ताणली की मातीपासून सुटते, पाणी तिच्याखालून धावते आणि बियांसकट माती नेते. बहुतेक तक्रारींचे मूळ हेच, दोष मालाचा नसतो. काथ्या २-३ वर्षांत कुजतो. तोवर माती धरून ठेवणारा वाळा (खोल मुळांचे गवत) रुजलेला हवा. पायथ्याशी गाळ अडवणारा बांध नसेल, तर खरेदी पुढे ढकला.