गावसंघटनाचं निवासी शिबिर: जाण्यासारखं आहे, पण एकट्यानं जाऊ नका

आमच्या भागातल्या एका संस्थेचं गावसंघटनाचं निवासी शिबिर नुकतंच करून आलो, ग्रुपवर बरेच जण विचारून राहिले की कसं होतं, वेळ काढून जावं का, म्हणून इथं मोकळं लिहितो. सरळ सांगायचं तं जा. फक्त गावातून एकट्यानं जाऊ नका, काहून ते पुढं सांगतो.

पहिल्याच सत्रातली गोष्ट मले सगळ्यात जास्त पटली. कोणाचा निराधारचा फॉर्म भरून देणं ही मदत झाली, तहसीलवर मोर्चा नेणं हे आंदोलन झालं, आणि संघटन म्हणजे लोकांनी बसून आपला प्रश्न आपणच ठरवणं अन् पुढच्या वेळी तुम्ही नसले तरी ते काम चालू राहणं. आपण गावात हे सगळं एकाच नावाखाली करतो. मोर्चा झाला की दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या वावरात, अन् पुढच्या वर्षी पुन्हा तेच निवेदन, तोच फोटो.

मग सत्तेचा नकाशा काढायला लावला, अन् हे सत्र खरंच भारी झालं. आमच्या गटानं पांदण रस्ता घेतला, कारण पावसाळ्यात ट्रॅक्टर फसते, सोयाबीन डोक्यावर आणा लागते, हे सगळ्यांच्याच गावात आहे. शिबिर घेणाऱ्या ताई म्हणाल्या, हा रस्ता कोणाच्या हातात आहे ते खडूनं फरशीवर काढा. सगळ्यांनी आधी मधात आमदार लिहिला. मग त्या एकेक विचारत गेल्या, अतिक्रमण कोणाचं, मोजणी कोण करते, आदेश कोण काढते. शेवटी आमदार पार कोपऱ्यात गेला अन् मधात आले धुऱ्यावरचे दोन शेतकरी आणि तहसीलदार. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तं 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदार तो मोकळा करू शकते, अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे, हे आमच्यातल्या कितीक जणांना माहीतच नव्हतं. अन् ज्यानं अडवला त्याचाही कापूस त्याच चिखलातून निघते, म्हणून त्याच्याशी भांडायच्या आधी त्याच्या ओसरीवर बसून बोला, त्याले काय पाहिजे ते ऐका.

घरभेटीचा सराव पण चांगला घेतला. नियम एकच, आपण कमी बोलायचं. एक पोरगा समोरच्या आजीले योजनाच सांगत बसला, तं आजीबाईनं थांबवलं त्याले, "तू आलास कायले ते तं इचार मले." सगळे हसले पण मुद्दा डोक्यात बसला.

आता जे खटकलं ते. अमेरिकेतल्या शिकागोचा लोकसंघटक सॉल अलिन्स्की, त्यानं 1939 मध्ये मटणाच्या कारखान्यांजवळच्या कामगार वस्तीत युनियनवाले, चर्चवाले सगळे कसे एका संघटनेत आणले, हे स्लाईडवर अर्धी दुपार चाललं. ऐकायला चांगलं आहे, माझा त्याले विरोध नाही. पण गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव जवळ असताना त्याले चहाच्या आधीचा थोडासा वेळ? तिथं ग्रामसभेत बहुमतानं नाही तं सर्वसहमतीनं निर्णय होते, एकाचंही नाही असलं तं विषय पुढच्या सभेत जाते. वनहक्क कायदा 2006 चा, त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क 2009 मध्ये भेटला, तरी स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना हाती यायला 2011 उजाडलं, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. कायदा झाल्यावरही गाव इतकी वर्षं एकत्र कसं टिकलं, त्या गावच्या देवाजी तोफांसारख्या माणसांनी अभ्यास गटात काय केलं, हेच तं आम्हाला शिकायचं होतं नं बाप्पा!

दुसरं, शिबिर ऐन कापूस वेचणीत ठेवलं. बाया येतील कशा, त्यांची मजुरीच तेव्हा असते. ज्या दोघी-तिघी आल्या त्याच सगळ्यात नेमकं बोलल्या. वनहक्काच्या ग्रामसभेत कोरममध्ये, म्हणजे सभेसाठी लागणाऱ्या हजेरीत, एक तृतीयांश बाया पाहिजे असा नियम आहे, मग शिकवतानाच त्या नसल्या तं गावात जाऊन काय करणार? संस्थेला हे तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पुढची बॅच संक्रांतीनंतर ठेवू म्हणाले.

जेवण साधं, भाकर-झुणका, पोटभर. झोपायला सतरंजी आहे, पांघरूण आपलं न्या.

एकट्यानं जाऊ नका म्हटलं ते याच्यासाठी की परत आल्यावर एकटा माणूस गावाला ज्ञान शिकवायला लागते अन् लोक टाळतात. तिघं-चौघं जा, त्यात एक तरी बाई अन् एक दुसऱ्या पार्टीचा माणूस असू द्या. तलाठ्याकडून गावनकाशाची झेरॉक्स घेऊन जा, ज्यांच्याजवळ नकाशा होता त्यांचाच आराखडा तिथं पुरा झाला. पाचपैकी चार स्टार, एक बायांच्या वेळापत्रकासाठी कापला.