नांदुरीच्या घाटासाठी ११-३४ कॅसेट : चार महिने वापरून

कॅसेट म्हणजे सायकलच्या मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच; ११-३४ म्हणजे सगळ्यात छोट्या चकतीला ११ दाते, सगळ्यात मोठीला ३४, आणि मागे दाते जितके जास्त तितका गिअर हलका. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी नांदुरीचा घाट सांगायला हवा. तिथे जे झालं ते झालं नसतं, तर मी हा खर्च केलाच नसता.

नाशिकहून दिंडोरी, वणी करत नांदुरीपर्यंत रस्ता पायांना फार त्रास देत नाही. नांदुरीतून सप्तशृंगी गडाचा रस्ता फुटतो आणि तिथून वर गडापर्यंत साधारण दहा किलोमीटर चढच चढ. फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेचारला आम्ही अकरा जण निघालो. माझं वय ४६. तीन वर्षं नियमित सायकल चालवते, सपाटीवर ग्रुपच्या मागे कधी पडत नाही. वणीत चहा घेताना मी अगदी निर्धास्त होते.

वणीतून निघतानाच एकाचं चाक पंक्चर झालं. आमच्यातले काका, वय ६८, ट्यूब बदलून द्यायला त्याच्याबरोबर मागे थांबले. आम्ही पुढे निघालो. म्हणजे घाट सुरू झाला तेव्हा काका माझ्या चांगले वीस मिनिटं मागे होते.

तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत माझा सगळ्यात हलका गिअर लागून गेला होता. पुढे पेडलजवळच्या छोट्या चकतीला ३४ दाते, मागे २८. त्यानंतर बोटाने लिव्हर ढकलत राहिले तरी हलकं काहीच होईना. सीटवरून उठून, हँडल दोन्ही हातांनी ओढत एकेक पेडल खाली दाबत होते. गुडघ्याच्या वाटीखाली दोन्हीकडे कळ येत होती. तेवढ्यात मागून चेनचा बारीक, एकसारखा आवाज आला आणि काका शेजारी आले. सीटवर बसलेले, हात हँडलच्या वरच्या दांडीवर सैल ठेवलेले. म्हणाले, "ताई, पुढच्या वळणावर गाडी नसली तर जरा बाहेरून घ्या, आतल्या बाजूला फार उभं आहे, आणि घाई करू नका, वर सगळे थांबणार आहेत." एवढं सगळं एका दमात. मला साधं "हो" म्हणायलाही श्वास पुरला नाही, नुसती मान हलवली. त्यांचे पाय इतके हलके आणि भरभर फिरत होते की मी चढ विसरून दोन क्षण तेच बघत राहिले.

मग कॉलेजच्या दोन मुली गेल्या, परीक्षेच्या वेळापत्रकावर बोलत. शेवटचा दीड किलोमीटर मी उतरून सायकल ढकलत नेली. पायी निघालेल्या एका बाईंनी विचारलं, "पंक्चर झालं का हो?" मी नाही म्हटलं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, माझ्या चालीने चालत राहिल्या. ते मला फार बरं वाटलं.

वर पोचले तेव्हा काकांचा चहा पिऊन झाला होता. त्यांची सायकल भिंतीला टेकलेली होती. मी खाली बसून मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दाते बोट लावून मोजले. चौतीस. पुन्हा मोजले. आमच्यात सगळ्यात दमदार माणूस माझ्यापेक्षा सहा दाते जास्त घेऊन चढत होता आणि मी २८ वर गुडघे झिजवत होते. काका एसटीत चालक होते. मला मोजताना बघून म्हणाले, "तीस वर्षं घाटात गाडी चालवली. चढाला खालचा गिअर टाकायचा असतो, ताई. त्यात कमीपणा कसला?"

परत आल्यावर एका दुकानात गेले. तिथल्या माणसाने कॅसेट न बघताच सांगितलं, "मॅडम, स्टॅमिना वाढवा, गिअर बदलून काय होणार?" मला हे मनापासून चुकीचं वाटतं. दम वाढायला चढ चढावे लागतात, आणि ढकलत नेलेल्या सायकलीवर कोणाचा दम वाढत नाही. दुसऱ्या दुकानातल्या मिस्त्रीने आधी सायकल स्टँडला लावली, पेडल फिरवलं आणि सांगितलं की नुसती कॅसेट बदलून भागणार नाही. माझा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, आखूड पिंजऱ्याचा होता; पिंजरा म्हणजे त्याची खाली लोंबणारी, चेन ताणून धरणारी दांडी. त्याचा हिशोब सोपा आहे आणि प्रत्येकाने स्वतः करावा. पुढच्या दोन चकत्यांमधला फरक ५० वजा ३४, म्हणजे १६. मागचा ३४ वजा ११, म्हणजे २३. बेरीज ३९. तेवढी चेन ओढून धरण्याची ताकद डिरेलरमध्ये हवी. माझ्या जुन्या ११-२८ ला ही बेरीज ३३ होती, म्हणून आखूड पिंजरा पुरत होता. मग नऊ स्पीडची, म्हणजे नऊ चकत्यांची, ११-३४ कॅसेट, लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि नवी, जास्त लांबीची चेन असं तिन्ही घेतलं. मजुरीसकट बिल साडेसात हजारांच्या थोडं खाली. मिस्त्रीने मला शेजारी उभं करून डिरेलरचा बी-स्क्रू, म्हणजे तो कॅसेटपासून किती लांब राहील हे ठरवणारा स्क्रू, फिरवून दाखवला. डिरेलरचं वरचं छोटं चाक ३४ च्या दात्यांना घासू नये एवढी फट ठेवायची. ही फट नीट नसेल तर सगळ्यात हलक्या गिअरवर खरखर ऐकू येते, आणि तो गिअर आपण नेमका दम संपलेला असताना टाकतो.

आता फरक. माझ्या २८ मिमीच्या टायरचा एक फेरा सुमारे २ मीटर १४ सेंटिमीटरचा. आधी पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २ मीटर ६० सेंटिमीटर जायची, आता पुढे ३४ मागे ३४ म्हणजे चाकाचा एकच फेरा, २ मीटर १४. ताशी ७ किलोमीटरच्या वेगाला पूर्वी मिनिटाला ४५ फेरे व्हायचे, आता ५४-५५ होतात. कागदावर दहाच फेऱ्यांचा फरक दिसतो. घाटात मात्र त्याच दहा फेऱ्यांमुळे मी सीटवर बसून राहते, पाय दाबायच्या ऐवजी फिरवते आणि जोर गुडघ्यावर न येता मांडीवर येतो. जूनमध्ये पुन्हा गडावर गेलो. एकदाही पाय खाली टेकला नाही. १ तास २१ मिनिटं लागली.

काका त्याच दिवशी ५८ मिनिटांत वर होते. कॅसेट तीच, दाते तेच. म्हणून ज्यांना वाटतं की हे बसवलं की पुढच्यांना गाठता येईल, त्यांनी घेऊ नये. पुढचे पुढेच राहतात. ते रोज पहाटे उठतात, वर्षानुवर्षं चढतात, आणि ते त्यांच्या पायांत दिसतं. मला त्याबद्दल आता नुसता आदर वाटतो.

एक गोष्ट गेली ती सपाटीवर. जुन्या कॅसेटचे छोटे दाते ११, १२, १३, १४, १६, १८ असे जवळजवळ होते. नव्यात ११, १३, १५, १७, २०. दिंडोरीहून नाशिककडे येताना ग्रुपचा वेग ताशी ३४ च्या आसपास असतो. त्या वेगाला १५ वर पाय जड होतात आणि १७ वर उगाच भरभर मारावे लागतात. मधला १६ तिथे रोज आठवतो. जे बहुतेक सपाटीवरच चालवतात, शर्यतीत उतरतात, त्यांना हा बदल त्रासाचा होईल. माझ्यासारख्या, चाळिशी ओलांडलेल्या, घाटाची आवड असलेल्या आणि गुडघे पुढची वीस वर्षं वापरायचे असलेल्या माणसाने डोळे मिटून घ्यावी. देखभाल जुन्या कॅसेटइतकीच आहे. पावसातून आल्यावर चेन पुसून तेल घालते, अजून एकदाही गिअर अडकलेला नाही.

जूनच्या त्या फेरीत काकांनी मला जवळजवळ त्याच वळणावर मागे टाकलं. समोर ढग रस्त्यावर उतरले होते. शेजारून जाताना विचारलं, "ताई, गिअर लागतो ना नीट?"

"लागतो काका, अजून एक शिल्लक ठेवलाय, शेवटच्या वळणांसाठी," मी म्हटलं. ते हसले आणि ढगात दिसेनासे झाले.