ट्युब्युलर की लिथियम? ग्रिडविना सौरऊर्जेसाठी बॅटरी निवडताना

बॅटरीवर २०० अँपिअर-अवर छापलंय म्हणून तेवढं सगळं वापरायला मिळतं असं नाही. ट्युब्युलर लेड-ॲसिड रोज निम्म्याखाली उतरवली तर आयुष्य भराभर घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेट ८०-९० टक्क्यांपर्यंत बिनदिक्कत वापरता येते. त्यामुळे किमतीतला फरक दिसतो तेवढा उरत नाही.

खरी परीक्षा ढगाळ दिवसांत. लेड-ॲसिडला शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात, आणि ऊन त्याआधीच उतरतं. अशी अर्धवट भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात; मग गेलेली क्षमता सहसा परत येत नाही. लिथियमला अर्धवट चार्जचं काहीच वाटत नाही.

डिस्टिल्ड वॉटर घालत राहणं आणि चार्ज होताना निघणाऱ्या हायड्रोजनसाठी हवेशीर जागा, ही लेड-ॲसिडची कटकट वेगळीच. पण लिथियमचीही खोड आहे: शून्य अंशाखाली चार्ज केली तर सेल कायमचे बिघडतात. शिवाय बीएमएस (सेलांवर नजर ठेवणारं आतलं सर्किट) रुसला की सेल ठणठणीत असूनही अंधार. ट्युब्युलर बिचारी हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) बुडवून कुणालाही तपासता येते.

वापर अधूनमधूनच असेल आणि पॅनेल तिला कायम भरलेली ठेवत असेल, तर मी ट्युब्युलरच घेईन. रोजच्या राबत्या घराला लिथियम.